आडोसा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे दहा हजार मंगळवारी खात्यावर आले. सोबतचा मेसेजही वाचला, "आई, ऊसतोडीच्या टोळीतल्या सगळ्यांना ब्लँकेट घेऊन दे आणि वाटतानाचे फोटो पाठव." फोनवर हे नीट बोलणं होत नाही, तुझी मध्येच मीटिंग लागते, म्हणून लिहायला बसले. ब्लँकेट घेतली नाहीत. रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

2019 चा पूर आला तेव्हा तू नुकतीच पुण्याला हॉस्टेलवर गेली होतीस. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची, तिथं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आपल्या भिलवडीकडं काय झालं असेल ते त्यावरूनच समजून घे. पाणी उतरल्यावर ट्रक भरभरून कपडे आले. मी जन्मात पहिल्यांदा घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. माझ्या वाट्याला आलेल्या पिशवीत एक जरीची साडी होती, पदर इस्त्रीनं जळालेला, आणि तीन ब्लाऊज, एकालाही हुक नाही. घरी आणून मी ती पिशवी उघडी ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. चिखलानं भरलेल्या घरात जरीची साडी! त्याच आठवड्यात सोलापूरकडच्या दोन बायका जीप घेऊन आल्या. उतरल्या उतरल्या विचारलं, "काय आणू?" मी म्हटलं, खराटे, फिनेल आणि बायकांचे पॅड. दुसऱ्या दिवशी तेवढंच घेऊन हजर. त्या दोघींचे चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून या वेळी पैसे हातात असून मी दुकानात न जाता आधी टोळीवर गेले.

ओढ्याकडच्या पडीक तुकड्यात टोळीच्या बारा कोप्या, म्हणजे झोपड्या, आहेत. तू लहानपणापासून बघतेस, पण त्यांचा हिशेब तुला कधी सांगितला नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. दसऱ्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि हंगामभर ती फेडत राहायची. दिवसाला दोघं मिळून दीड-दोन टन तोडतात. 2024 च्या जानेवारीत बैठका होऊन तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तरी तो टनाला चारशेच्या आतच. त्याच टनाला कारखाना आपल्याला तीन हजारांच्या वर देतो. आपलं खत, पाणीपट्टी, आडसाली उसाची दीड वर्षाची वाट, सगळं धरलं तरी एक फरक उरतोच. आपल्या नावावर सातबारा आहे, त्यांच्या नावावर उचल.

बीडच्या आष्टीकडची एक बाई आहे, तुझ्याच वयाची. पोरगी सहा वर्षांची. मी गेले तेव्हा ती मोळी बांधत होती. गुडघ्यानं ऊस दाबायचा, वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ द्यायचा, गाठ मारून टोक आत खोचायचं. बोलताना हात एकदाही थांबला नाही. मी ब्लँकेटचं विचारलं तर हसली. "हायेत की काकू. मागल्या साली बी दोन भेटली." मग काय पाहिजे, म्हटलं. बराच वेळ काही बोलली नाही. नवरा लांब आहे ना हे बघून मग हळूच म्हणाली, "अंघोळीला आडोसा."

पहाटे तीनला उठायचं, गडी माणसं जागी व्हायच्या आत साडीच्या आड दोन तांबे अंगावर घ्यायचे. रात्री गाडी भरायला आली तर तेही नाही. पाळीच्या दिवसांत काय करता, हे विचारायचा मला धीर झाला नाही, पण तिनंच सांगितलं. ते इथं लिहीत नाही. "येऊन तीन महिने झाले, उजेडात डोक्यावरून पाणी नाही घेतलं," एवढंच तुझ्यासाठी लिहिते.

बारा वर्षं टोळ्या तिथं उतरतात. आपलं टाईल्सचं बाथरूम तिथून शंभर-दीडशे पावलांवर. आणि खरं सांगू, दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या नळाला कुलूप मीच लावलं होतं, चिखल होतो म्हणून. म्हशीसाठी वाढं घेतानाही मी पेंडीमागं दोन रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करत आले. तुझे अण्णा म्हणायचे, जाऊ दे. मला वाटायचं, संसार असाच चालतो.

हे माझ्याकडून व्हायला नको होतं, कारण माझं माहेर आटपाडी. जिल्हा एकच, पण इकडं कृष्णा आणि तिकडं टँकर. तुझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची, ती आम्ही भावंडं मोजून खायचो. कृष्णाकाठाला देऊन चुलत्यांनी माझं कल्याण केलं असं सगळे म्हणाले. पाण्याच्या कडेला आले आणि हळूहळू मी नळाला कुलूप घालणारी झाले.

तू मागं चिडून विचारलं होतंस ना, पगारातून दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कसले कापतात? तो व्यवसाय कर. 1975 साली तो बसवला तो मुळात रोजगार हमीच्या कामांसाठी. त्या योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग 1965 साली आपल्याच तासगावकडं झाला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, खेड्यात हात रिकामे असतील त्याला काम मागायचा हक्क. भीक नव्हे, हक्क. पुढं आजी रोजगार हमीच्या पाझर तलावावर गेली, तेव्हा तिचा हजेरीपटावर अंगठा उठायचा. त्याचं तिला कोण कौतुक. तेव्हा त्या दोनशेवर चिडू नकोस. बाकीचे कर कुठं जातात त्यावर खुशाल चीड.

आता तुझ्या पैशाचं. अण्णांनी आणि टोळीतल्या दोघांनी मिळून दोन आडोसे उभे केले. बांबू घरचेच होते. हिरवी नेट, तार, खाली टाकायला शहाबादी फरशी, नळापासून पाइप आणि सोलरचा एक दिवा, सगळं मिळून 6,340 रुपये. पावत्या डब्यात ठेवल्यात. नळाचं कुलूप काढलं. चिखल होतो, पण आता खाली खडी टाकली आहे.

त्या बाईच्या पोरीला मी शाळेत घेऊन गेले. कागद नसले तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे गुरुजींना माहीत होतं, त्यामुळं बोलावं लागलं नाही. रेशनच्या दुकानात मात्र बोलावं लागलं. "तिकडचं कार्ड इकडं चालत नाही," असं आधी ऐकवलं. चालतं. आता सगळीकडं अंगठा चालतो. ती एकटी दोनदा जाऊन परत आली होती. मी नुसती शेजारी उभी राहिले आणि तिसऱ्यांदा मशीन चालू झालं. मी काही विशेष बोलले नाही गं, फक्त इस्त्रीची साडी नेसले होते. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

उरलेले 3,660 तसेच ठेवलेत. एप्रिलमध्ये टोळी जाईपर्यंत आणखी काय लागेल ते त्यांनाच विचारून बघते. तू शिमग्याला येशील तेव्हा संध्याकाळी माझ्याबरोबर चल. बूट घालून ये, उसाचं वाळलेलं पाचट टोचतं.

फोटो पाठवत नाही. आडोशाचा फोटो कसा काढायचा?

तुझी,
आई