मिरजेच्या चाचांस, एका गिटारच्या पॉलिशबद्दल

विश्रामबाग, सांगली

आदरणीय चाचा यांस,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, असे तुम्ही निक्षून सांगितले आहे, म्हणून हे पत्र केवळ ‘चाचा’ या संबोधनाने लिहीत आहे. आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत. माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा जुना रंग उतरवून तिला घरच्या घरी नवे रूप देताना तुम्ही जे शिकवले, ते असे काम करू पाहणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल, आणि त्या शिकवण्याचा एक रुपयाही तुम्ही माझ्याकडून घेतला नाही.

तुमच्या सतार-तानपुऱ्यांच्या दुकानात येण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारले, त्या सर्वांनी गिटार मोटार गॅरेजमध्ये नेऊन स्प्रे गनने रंग मारून घ्यावी, असेच सुचवले होते. तो सल्ला वावगा नव्हता. गिटारच्या आणि मोटारीच्या रंगांचे नाते जुने आहे. अमेरिकेतील फेंडर कंपनीने 1950 च्या दशकातच आपल्या गिटारींसाठी ड्यूपाँ कंपनीचे मोटारींचे रंग वापरले होते, आणि तिचा प्रसिद्ध ‘फिएस्टा रेड’ हा फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा रंग होता. परंतु मला हे काम घरीच करायचे होते. स्प्रे गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर माझ्याकडे नाही, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा मोटारीचा रंग फवारायचा म्हटले तर त्या हार्डनरमधील आयसोसायनेट हे घातक रसायन शेजारच्या घरांत जाणार. साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. शिवाय मला लाकूड झाकायचे नव्हते, त्याच्या रेषा दिसायला हव्या होत्या.

मावशींचा तानपुरा जवारी काढण्यासाठी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार जुळवून घेण्यासाठी, तुमच्या दुकानात आणला, तेव्हा शेजारच्या पाटावर पॉलिश होत असलेला दुसरा तानपुरा मी पाहिला आणि संकोचतच गिटारचा विषय काढला. ‘तार आहे, लाकूड आहे, मग घेऊन ये की,’ एवढेच तुम्ही म्हणालात. सतार आणि तानपुऱ्याखेरीज दुसऱ्या वाद्याला सहसा हात न लावणाऱ्या कारागिराने हे इतक्या सहजपणे म्हणावे, याचे मोल मला त्या वेळी पूर्ण कळले नव्हते.

गिटार सुटी करण्याचे काम माझे मीच केले. तारा उतरवल्या, मानेचे 4 स्क्रू काढले, पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) आणि पॉट (आवाज कमी-जास्त करण्याची बटणे) यांच्या वायरींचे जवळून फोटो घेतले आणि ब्रिजला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, जाणारी अर्थिंगची वायर सोल्डरिंग गनने सोडवली. खरा प्रश्न कारखान्याने चढवलेल्या काळ्या पॉलिएस्टरच्या थराचा होता. त्यावर रंग काढायचा रिमूव्हर सहसा चालत नाही. हीट गनने मऊ करून पत्र्याने खरवडावे लागते. पॉलिएस्टरशी तुमचा संबंध नसला, तरी लाकडाशी आहे, आणि तुमच्या दोन सूचनांनी माझी गिटार वाचली. गन एका जागी क्षणभरही थांबू द्यायची नाही, कारण करपलेला डाग लाकडात खोल जातो; आणि पत्रा नेहमी रेषेच्या दिशेनेच ओढायचा. ते काम मी गच्चीवर, फिल्टरचा मास्क लावून केले. काळ्या थराखालून 3 तुकडे जोडलेले, परंतु सुंदर रेषांचे अ‍ॅश लाकूड निघाले. स्वस्त गिटारीत असे लाकूड असेल, अशी मला अपेक्षा नव्हती.

पुढे 120 पासून 320 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर झाले. अ‍ॅशची छिद्रे मोठी असल्यामुळे फिलर भरून तो पुन्हा घासून काढला. मग रंगाचा विषय आला. मला मध्यभागी पिवळा आणि कडेला गडद तपकिरी होत जाणारा सनबर्स्ट हवा होता, आणि आमच्या सांगलीच्या हळदीचाच पिवळा असावा, असे मनापासून वाटत होते. तुम्ही ती कल्पना हसण्यावारी नेली नाही. उठून आतून लाकडाचा एक तुकडा आणलात. त्याच्या अर्ध्या भागावर कधीतरी लावलेली हळद उन्हाने जवळजवळ उडून गेली होती आणि कागदाखाली झाकलेला अर्धा भाग अजून पिवळाधमक होता. दुसरे कारणही तुम्ही सांगितले. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणजे वरून लाखेचे पॉलिश फिरवले की तो त्याच्याबरोबर ओढला जाणार. त्या एका उत्तरात सगळ्या कामाचा क्रम ठरला: रंग पाण्यात, पॉलिश स्पिरिटमध्ये. पाण्यात कालवलेल्या रंगावर स्पिरिटचा परिणाम होत नाही, त्यामुळे वरून कितीही हात फिरवले तरी बर्स्टच्या कडा जागच्या हलत नाहीत. पाण्याने लाकडाचे तूस उभे राहते, म्हणून आधीच ओले फडके फिरवून, वाळवून, ते तूस 320 च्या पेपरने हलकेच काढून टाकायला तुम्ही सांगितलेत. या एका सूचनेसाठीसुद्धा हे पत्र लिहिले असते.

तुमच्या कपाटातील काचेची बाटली माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक लिटर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम चपडी लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी), भिजवून काही दिवस न हलवता ठेवलेली. तळाशी दुधट गाळ, वर मधाच्या रंगाचे नितळ द्रावण. नेहमीच्या चपडीत असणारे थोडे मेण खाली बसते. वरचे द्रावण अलगद ओतून घेतले, तर थर अधिक स्वच्छ आणि कडक होतो, आणि पुढे कधी त्यावर दुसरे लॅकर मारायचे झाले तरी ते नीट धरते. बाटलीवर तारीख लिहिण्याचा तुमचा आग्रहही आता समजतो, कारण जुने झालेले द्रावण कधीच पुरते वाळत नाही, चिकटच राहते.

पुरचुंडीचा हात तुम्ही माझा पंजा धरून शिकवलात. आत लोकर, बाहेर धुवून मऊ झालेले मलमलचे कापड, वर जवसाच्या तेलाचा एक थेंब. हात फिरता असतानाच ती लाकडाला टेकवायची आणि फिरता असतानाच उचलायची. मध्येच थांबली तर खालचा थर विरघळून तिला चिकटतो आणि पृष्ठभाग खरवडला जातो. गोल फिरवत, मग इंग्रजी आठच्या आकड्यात, शेवटी सरळ रेषेत. थर इतके पातळ की काही वेळ काहीच घडत नाही असे वाटते, आणि मग अचानक खिडकीची चौकट लाकडात दिसू लागते. मान बसते त्या खाचेत पॉलिश लावू नको, असेही तुम्ही बजावलेत. तेथील घट्ट बैठक बिघडू नये, ही काळजी सतारीच्या दांडीच्या सांध्यावरून तुम्हाला ठाऊकच होती.

पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी दमट असते की लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून शेवटचे हात ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबवण्याचा तुमचा निर्णय योग्य ठरला. मला घाई होती, तुम्हाला नव्हती, आणि गिटार माझी असूनही तुम्ही तिची अधिक काळजी केलीत.

त्या थांबलेल्या दिवसांत तुम्ही जे बोललात, त्याचाही उल्लेख करायला हवा. शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत वाद्ये घडवायला सुरुवात केली आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी वाचले होते. परंतु ज्या लाखेने तुम्ही तानपुरे चमकवता, त्याच लाखेच्या मिश्रणातून जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या बनत असत आणि 1937 मध्ये निवर्तलेल्या, मिरजेच्याच मातीत विसावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज त्या तबकड्यांवरच आपल्यापर्यंत पोहोचला, हे तुम्ही सांगितल्यावर मी त्या बाटलीकडे वेगळ्या आदराने पाहू लागले.

लाखेच्या पॉलिशने गिटारचा आवाज बदलला, असा दावा मी करणार नाही. या गिटारचा आवाज मुख्यतः तारा आणि पिकअपमधून येतो. बदलला आहे तो स्पर्श. पूर्वी हाताखाली प्लास्टिक लागायचे, आता लाकूड लागते. लाखेला स्पिरिट, सॅनिटायझर आणि गरम वस्तू सोसत नाहीत, हे खरे. पण ओरखडा पडला तर नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो आणि डाग भरून निघतो. टू-के रंगात ही सोय नाही. घरी काम करणाऱ्याला माझ्या मते हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

सध्या उजव्या कोपराखालची जागा घामाने किंचित मंदावली आहे, तिथे आणखी काही हात द्यावेत असे वाटते. मानेच्या मागच्या बाजूचे जुने फिनिश अजून तसेच आहे; तिथे लाख टिकेल की नुसते तेल द्यावे, हे तुम्हाला विचारायचे आहे. दिवाळीनंतर मावशींचा तानपुरा न्यायला येईन, तेव्हा गिटार सोबत आणते. चाचींना नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
सांगलीची गिटारवाली