युद्धनौकेनंतरचे रामदास

तुमच्या नौदल दिनाच्या पुरवणीत १९७१ च्या युद्धातल्या जहाजांवर पानंच्या पानं वाचली, छान होतं, पण अ‍ॅडमिरल रामदासांवर एक ओळही नाही हे खटकलं. माटुंग्यात जन्मलेला हा माणूस, ७१ ला 'ब्यास' या युद्धनौकेचा कॅप्टन, वीरचक्र, मग १९९० ते ९३ नौदलप्रमुख, त्यांच्याच काळात बायकांना नौदलात ऑफिसर म्हणून घ्यायला सुरुवात झाली. आणि रिटायर झाल्यावर? अलिबागजवळ शेती, आणि भारत-पाक शांततेचं काम, त्यासाठी २००४ चा मॅगसेसे पुरस्कार. (तेव्हा किती शिव्या खाल्ल्या असतील!) मार्च २०२४ मध्ये ते गेले. सगळ्यांना पटतील असं नाही, मलाही सगळं पटत नव्हतं, पण युनिफॉर्म उतरवल्यानंतरची तीस वर्षं गाळून सैनिकाची आठवण कशी काढणार? पुढच्या पुरवणीत तेवढी जागा द्या.

— एक वाचक, अलिबाग