सिकॅमोर, चिनार आणि आपला उंबर

सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पाकिटातून तुझ्या खिडकीपुढच्या सिकॅमोरची डहाळी आणि दुहेरी पंखांचे ते बी निघाले, आणि "सिकॅमोर म्हणजे आपल्या काश्मीरचा चिनार" हे मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलेले वाक्य मला मागे घ्यावे लागत आहे. चिनाराला असे बी धरतच नाही; त्याला देठाला लोंबणारे गोल गोंडे येतात. शिवाय तुझ्या डहाळीवर पाने समोरासमोर जोडीने आहेत. चिनाराची पाने एकाआड एक असतात आणि त्यांच्या देठाचे बूड पोकळ असून पुढच्या हंगामाचा कोंब त्याखाली टोपीत झाकल्यासारखा लपलेला असतो. तेव्हा तुझ्या खिडकीपुढचे झाड मेपलच्या कुळातले. झाडांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी 'खोटा प्लेन', म्हणजे चिनाराच्या भाऊबंदांचा तोतया, असा होतो. माझी चूक निदान घरंदाज आहे, एवढेच समाधान. २०२३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीजवळचे जे झाड कोणी रातोरात कापले आणि ज्याच्यासाठी तू हळहळून लिहिले होतेस, तेही याच जातीचे.

अमेरिकेत मात्र सिकॅमोर म्हणतात ते खरोखरच चिनाराच्या कुळातले. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि आतून पांढरे खोड उघडे पडते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा प्रारंभ ज्या १७९२ च्या करारापासून मानतात, तो याच झाडाखाली झाल्याचे सांगतात. उलट स्कॉटलंडमध्ये तुझ्या मेपललाच 'प्लेन' म्हणण्याची रीत आहे, म्हणजे गोंधळ दोन्ही बाजूंनी पुरा झाला.

पण या नावाचा मूळ मालक यांपैकी कोणीच नाही. हा शब्द ग्रीक. त्यात अंजीर आणि तुती या दोघांची नावे जोडलेली आहेत, आणि ज्याला ते प्रथम लावले ते झाड आफ्रिकेतून इजिप्त-पॅलेस्टाइनकडे गेलेला, आपल्या उंबराचा सख्खा म्हणावा असा भाऊ आहे. त्यालाही फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लगडतात. प्राचीन इजिप्तमध्ये त्याच्या लाकडाच्या शवपेट्या करीत.

आमच्या परसातला आडाजवळचा उंबर तुला आठवत असेल. आई होती तोवर दर गुरुवारी त्याला प्रदक्षिणा घालायची, आणि आम्ही खाली पडलेल्या फळांवरून घसरायचो. तुझे पत्र वाचून मी काल एक पिकले उंबर चाकूने चिरले. चिलटाएवढ्या दोन-तीन माश्या बाहेर आल्या, एक पाटाच्या कडेवर पंख पुसत बसली, आणि आत भिंगाने पाहिले तर बारीक फुलांचा दाट थर. 'तू म्हणजे उंबराचे फूल झालास' असे मी तुला दर दिवाळीला सुनावतो. आता त्यात तथ्य उरले नाही, कारण फूल हातात होते, फक्त आतल्या बाजूने. त्या माश्याच परागीकरण करतात. इजिप्तमधल्या झाडाला त्याची ती माशी लाभलेली नाही, म्हणून तिथले माळी कच्च्या फळाला चाकूने चीर देत आणि मग ते पिकत असे. बायबलातला आमोस हा संदेष्टा असल्याच झाडांची निगा राखणारा होता.

बायबलातला जक्कय येशूला पाहायला यरीहो गावात ज्यावर चढला त्या झाडाला मराठी बायबलात 'उंबर' म्हटले आहे. हा अनुवाद करणाऱ्याचे मला फार कौतुक वाटते. त्याने 'सिकॅमोर' या इंग्रजी नावामागे जाऊन मेपल किंवा चिनार शोधत बसण्याऐवजी दारातल्या झाडाचे नाव घेतले, आणि तेच नात्याने सर्वांत जवळचे निघाले.

तुझे बी कुंडीत लावावे, असा घरातून आग्रह झाला होता. परंतु ते कोरडे पडले की मरते, आणि जिवंत असते तरी रुजण्याआधी त्याला काही आठवडे ओली थंडी लागते. ती सोलापुरात कुठून आणायची? सध्या ते अडकित्त्याच्या डबीत ठेवले आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत