गोल झाला ते मला सगळ्यांबरोबर कळलं, सर

आदरणीय सर,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहितो आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत माझ्याशेजारी बसून तुम्ही जे करता, ते आजूबाजूच्या दहा-पंधरा जणांपलीकडे कुणाला माहीत नाही. ते माहीत व्हायला हवं, कारण कोल्हापुरात माझ्यासारखा मी एकटाच नाही.

दृष्टी गेलेल्या माणसाला स्टेडियममध्ये काय मिळत नाही, असं लोक विचारतात. खरं तर सगळं मिळतं, फक्त उशिरा मिळतं. हलगी ऐकू येते, शिट्टी ऐकू येते, बॉलवर बूट बसल्याचा आवाज येतो. मग एकाएकी दहा हजार माणसं ओरडतात आणि आपण शेजारच्याला विचारतो, "काय झालं?" तो नाचत असतो. त्याचं नाचून झालं की सांगतो, "गोल." कुणी मारला, कसा मारला, ते घरी जाताना कळतं किंवा दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेपर वाचून दाखवतं तेव्हा. पेठेतली सगळी पोरं ज्या क्षणी उड्या मारतात, त्या क्षणी मी एकटा खाली बसलेला असायचो. आनंद व्हायचा, पण तो शिळा असायचा.

तुम्ही तो वेळ भरून काढलात. आज मला नेमके याचेच आभार मानायचे आहेत.

त्याआधी अर्धवट दिसण्याच्या वर्षांबद्दल लिहितो, कारण तेव्हाही तुम्हीच होतात. माझा आजार डोळ्याच्या पडद्याचा. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं. शाळेच्या संघात खेळत होतो तेव्हा नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं स्वच्छ दिसायचं. पायातला बॉल दिसायचा, पण पास दिला की बॉल जगातून नाहीसा व्हायचा. अशा माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. घड्याळातली वेळ सांगतो आणि समोरच्या खुर्चीला धडकतो, म्हणजे नाटक करतो, असंच सगळ्यांना वाटतं. पूर्ण अंध माणसाला लोक रस्ता देतात, अर्धवट दिसणाऱ्याला शिव्या देतात. तुम्ही खेळाचे सर होतात, डॉक्टर नव्हतात. पण तुम्ही मला एकदाही "नीट बघ की" म्हणाला नाहीत. गॅलरीत बसलो की म्हणायचात, "कॉर्नरचा झेंडा धर. तिथनं सरळ आत ये. आता गोलपोस्ट. तिथंच थांब, बॉल येतोय." नजर कुठं ठेवायची ते सांगितलं की उरलेली नजर कामाला येते. डॉक्टरांनीसुद्धा मला हे सांगितलं नव्हतं.

पुढं तीही गेली. आता फक्त ऊन आणि सावली कळते. मी स्टेडियमला येणं बंद केलं, तेव्हा तुम्ही घरी आलात. समजूत घातली नाहीत. "खंडोबाची मॅच आहे, चल" एवढंच म्हणालात. खंडोबा म्हणजे माझ्या तालमीचा संघ. गेटवर एका माणसानं पांढरी काठी आत नेऊ देईना म्हणून अडवलं. मारामारीच्या भीतीनं काठ्या बंद केल्या होत्या, त्याचंही खोटं नव्हतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. काठी घडी करून त्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मग आता ह्याला तू जागेवर नेऊन बसव." त्यानं एक पायरी नेलं आणि काठी परत दिली. पुढच्या सामन्यापासून तोच माणूस मला आवाज देऊ लागला.

आता तुमच्या सांगण्याबद्दल. ज्यांना वाटतं की टीव्हीचं समालोचन लावलं की अंध माणसाची सोय झाली, त्यांनी एकदा डोळे मिटून ते ऐकावं. दोन नावं येतात, मग तिसऱ्याच सामन्याची आठवण, मग कुणाला किती कोटींना घेतलं ते, आणि ऐन हल्ल्याच्या वेळी "ओहोहो!" बॉल कुठं आहे ते कुणी सांगत नाही, कारण बघणाऱ्याला ते दिसतंच असतं. तुमचं याच्या बरोबर उलट. गेल्या हंगामातला एक हल्ला मला शब्दन्‌शब्द पाठ आहे: "उजवीकडं टचलाइनला बॉल, आपला सात नंबर. समोर एकच. आत कट मारला, डाव्या पायावर घेतला. मोठी डी दहा पावलांवर. मध्ये दोघं मोकळे, एकाचा हात वर. दिला. लांबचा पोस्ट. हेडर. कीपर झेपावला, बोटं लागली. कॉर्नर." यात एकही "अप्रतिम" नाही. अप्रतिम होतं की नाही ते मी माझं ठरवलं. तुमचं मत तुम्ही हाफटाइमला सांगता, भाजलेल्या शेंगा सोलता सोलता, आणि तिथं आपलं रीतसर भांडण होतं. मी खंडोबाचा आणि तुम्ही प्रॅक्टिस क्लबचे. प्रॅक्टिसवर गोल बसत असतानाही तुमचं सांगणं तेवढंच नेमकं असतं, याचं मला फार मोल आहे. स्वतःचा संघ हरत असताना दुसऱ्याला त्याचा आनंद बिनचूक पोचवायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही.

सामना सुरू व्हायच्या आधीची तुमची पाच मिनिटंही तशीच. जर्सीचे रंग. वारा कुठल्या गोलकडं वाहतो. गवत कुठं उडालंय, म्हणजे बॉल तिथं उसळणार. नव्या पोरांत डावखुरा कोण. मग खेळ चालू असताना मधेच, "नऊ नंबर कमरेवर हात ठेवून उभा आहे, दम लागलाय." ही बातमी कुठल्याही पेपरात येत नाही, आणि दहा मिनिटांनी तो नऊ नंबर बदलला जातो तेव्हा गॅलरीत मी एकटाच "वाटलंच होतं" म्हणतो.

पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांसारखी लढत असली की हलगी आणि आरोळ्यांत तुमचा आवाज बुडतो. त्यावर तुम्ही तळहाताची युक्ती काढलीत. माझं मनगट म्हणजे डावा गोल, बोटांची टोकं म्हणजे उजवा. तुमचं बोट म्हणजे बॉल. बोट करंगळीच्या कडेनं सरकतं, मधे येतं, थबकतं, मागं जातं, पुन्हा येतं. फटका मारला की दाबता. बाहेर गेला की बोट उचलता. आणि गोल झाला की माझी मूठ मिटता. त्या एका सामन्यात मूठ मिटली आणि मग आरोळी उठली. सगळ्यांच्या आधी मी उभा होतो, सर. मागचा कुणीतरी "खाली बस" म्हणून ओरडला, आणि ते ऐकून मला जितकं बरं वाटलं तितकं कुठल्याही सहानुभूतीनं वाटलं नव्हतं.

फोनवर वाचून घेताना नंतर मला एक गोष्ट सापडली. ती तुम्हाला तोंडी सांगितली आहे, पण इथं लिहायलाच हवी. जानेवारी 1927 मध्ये बीबीसीनं रेडिओवरून चालू खेळाचं वर्णन सुरू केलं. पहिला सामना रग्बीचा होता, ट्विकनहॅमला, इंग्लंड विरुद्ध वेल्स. वर्णन करणारे टेडी वेकलम यांना असल्या कामाचा अनुभव नव्हता. म्हणून निर्मात्यानं एका अंध माणसाला त्यांच्याजवळ बसवलं आणि सांगितलं, याला काय चाललंय ते सांगा. आठवड्यानं, 22 जानेवारीला, हायबरीवर आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेडचा फुटबॉल सामना झाला. त्यासाठी रेडिओच्या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा आठ चौकोनांत आखून छापला होता. एक जण खेळ सांगायचा, दुसरा चौकोनाचा आकडा. म्हणजे खेळाचं समालोचन बोलायला शिकलं तेच मुळी अंध माणसासमोर बसून. पुढं टीव्ही आला आणि ते आम्हाला विसरलं. तुमचा तळहात आणि ते आठ चौकोन यांची जात एकच, आणि तुम्ही तर ते कधी वाचलेलंही नव्हतं.

जगात ही वाट अजून चालू आहे. ब्राझीलमध्ये सिल्व्हिया ग्रेको नावाची आई पाल्मेइरास क्लबच्या सामन्यांना आपल्या अंध मुलाच्या, निकोलासच्या, कानाशी बसून सगळं सांगते. 2019 मध्ये फिफानं तिला त्या वर्षीच्या सर्वोत्तम चाहत्याचा मान दिला. कोलंबियात होसे रिचर्ड गायेगो यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. त्यांचा मित्र सेसार दासा मैदानाचा एक फळा घेऊन बसतो आणि त्यांचे हात त्यावरून फिरवतो. ही माणसं आणि तुम्ही एका पंगतीतले. फरक एवढाच की त्यांच्यावर कॅमेरा गेला.

पण आईवर, मित्रावर आणि निवृत्त सरांवर हे किती दिवस चालवायचं? युरोपात हे काम आता व्यवस्थेकडं गेलं आहे. पोलंड आणि युक्रेनमध्ये झालेल्या युरो 2012 मध्ये अंध प्रेक्षकांसाठी खास वर्णनाची सोय होती, 2014 च्या विश्वचषकात ब्राझीलच्या काही स्टेडियममध्येही होती. प्रशिक्षण घेतलेले दोन निवेदक आळीपाळीनं सांगतात, छोट्या ट्रान्समीटरवरून ते सोडलं जातं आणि प्रेक्षक कानात ऐकतो. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची वाटते ती गोष्ट अशी, की त्यासाठी कुठल्या वेगळ्या कोपऱ्यात बसावं लागत नाही. तुम्ही तुमच्या माणसांत बसायचं, एका कानात वर्णन आणि दुसरा कान मैदानाला मोकळा. हलगी बंद करून मला फुटबॉल नकोच आहे. मला हलगीसकट हवा आहे.

आवाज बंद करावा लागतो तो अंधांच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये. त्याची ओळखही तुम्हीच करून दिलीत. सप्टेंबर 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकची अंतिम लढत फोनवर लावून बसलो होतो, आठवतं? आयफेल टॉवरच्या पायथ्याचं स्टेडियम गच्च भरलेलं, आणि खेळ चालू असताना चिडीचूप. मैदानातले चौघे अंध, डोळ्यांवर पट्ट्या, म्हणजे थोडं दिसणारा आणि काहीच न दिसणारा सारखेच. दिसतं ते फक्त गोलकीपरला. बॉल खुळखुळतो. बॉल अडवायला जाणाऱ्यानं "वॉय" असं ओरडायचं, नाहीतर फाउल. समोरच्या गोलमागं आपला वाटाड्या उभा असतो आणि तो दिशा सांगतो. 2004 पासूनची पाचही सुवर्णपदकं ब्राझीलनं घेतली होती. त्या वेळी मात्र अर्जेंटिनानं त्यांना उपांत्य फेरीतच टायब्रेकरवर घालवलं, आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला फ्रान्सनं तसंच. पेनल्टीच्या आधी वाटाड्या दोन्ही पोस्टवर टक्‌टक्‌ वाजवून गोल कुठं आहे ते दाखवतो. तो आवाज फोनमधून आला तेव्हा तुम्ही सांगायचं थांबलात. गरजच नव्हती. त्या दोन टकटकींच्या मधे कुठं मारायचं ते मलाही कळलं होतं.

आपल्याकडंही हा खेळ रुजतो आहे. अंध फुटबॉलचा राष्ट्रीय महासंघ कोचीत आहे, आणि भारताच्या मुली 2023 मध्ये बर्मिंगहॅमला जागतिक स्पर्धेत खेळून आल्या. तुम्ही मागवलेला खुळखुळणारा बॉल मी पहिल्यांदा पायाखाली घेतला, तेव्हा शाळेच्या संघातला माझा उजवा पाय अजून शाबूत आहे हे कळलं. त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात मैदानं आहेत, मंडळं आहेत, स्पर्धा आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. खेळाच्या सोयी दिव्यांगांपर्यंत पोचवण्याचं 2016 च्या कायद्यातही आहे, पण मी कायदा घेऊन आलेलो नाही. विश्वचषक आला की अख्खं शहर ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटलं जातं, चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे उंचच उंच कटआउट लागतात. एवढी हौस असलेल्या गावाला एक ट्रान्समीटर, थोडे इअरफोन आणि सांगणारे चार आवाज जड नाहीत. आवाज तर तालमीतालमीत आहेत. त्यांना फक्त सरांजवळ बसून शिकावं लागेल.

आणि सर, त्यासाठी दोन पोरं मी तयार केली आहेत. एक पाटाकडीलचा आहे आणि एक दिलबहारचा, म्हणजे आपसात भांडणार हे नक्की. दोघंही अजून गोल झाला की आधी ओरडतात आणि मग सांगतात. तुमचा गुडघा पायऱ्या चढू देत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून या हंगामात आपण खालच्या पायरीवर बसू. तुम्ही डावीकडं, पोरं उजवीकडं, माझे दोन्ही हात मोकळे. पहिल्या सामन्याच्या दोन तास आधी रिक्षा तुमच्या दारात असेल. शेंगा मी आणतो.

तुमचा जुना विद्यार्थी,
शाळेच्या संघातला उजवा विंगर