मोजणीवाल्या साहेबांना, मनापासून थँक यू

साहेब, नमस्कार. रोज एवढ्या जमिनी मोजता, आम्ही कुठले लक्षात असणार! पण कोथरूडमधला आमचा मळा मोजायला आला होतात, त्या सकाळबद्दल लिहितोय. गार्डन सुरू झालं आणि काल आबा आत जाऊन बाकावर बसून आले, मग राहवलंच नाही.

माझे आजोबा याच मळ्यातली मेथी-कोथिंबीर बैलगाडीत घालून पहाटे मंडईत न्यायचे. मग शहर आमच्या बांधापर्यंत आलं आणि १९८७ च्या डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, मळ्याच्या एका तुकड्यावर गार्डनचं आरक्षण पडलं. म्हणजे सातबारा आपला, घाम आपला, पण बांधता येत नाही, विकायला गेलं तर भाव येत नाही, मोबदला कधी ते कोणी सांगत नाही. त्यात शहरात किती जमीन ठेवता येईल यावर मर्यादा घालणारा १९७६ चा सीलिंगचा कायदा, तो आपल्या राज्यात २००७ ला गेला, तोवर बाकीच्या जमिनीचा घोरही होताच.

तुमच्या आधी जे आले त्यांचं काय सांगू. बूट घालून सरळ मेथीच्या वाफ्यातून चालत गेले, झेंड्या रोवल्या, आबा काही विचारायला गेले तर "काका, बाजूला व्हा जरा". ज्या माणसाने तिथली विहीर स्वतः खणली त्याला बाजूला व्हा! कचेरीत तर आमचं नावसुद्धा कोणी घ्यायचं नाही, फक्त सर्व्हे नंबर.

आणि तुम्ही आलात, नकाशाची गुंडाळी काखेत तशीच ठेवली आणि म्हणालात, "आबा, आधी तुम्ही बांध दाखवा, नकाशा मी नंतर उघडतो." बास. एवढंच. आबा पुढे आणि तुम्ही मागे, पाटाच्या कडेकडेने, ही आंब्याची हद्द, इथे चुलत्यांची वाटणी, इथून पावसाचं पाणी येतं, सगळं ऐकून घेतलंत. तुमच्या हाताखालच्या पोरांनाही वाफ्यात पाय टाकू दिला नाहीत. मग तिथेच बांधावर बसून चौरस मीटरचे गुंठे करून सांगितलेत, किती जातंय आणि किती राहतंय. जमीन तर जाणारच होती, पण त्या दिवशी आबा घरी येऊन पोटभर जेवले, आई अजून सांगते.

पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळाला, उरलेल्या मळ्यावर सोसायट्या झाल्या, आम्हीही त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये राहतो. तुम्ही नकाशावर खूण केलेला आंबा गार्डनमध्ये तसाच आहे, विहिरीला जाळी बसवलीय आणि तिचंच पाणी झाडांना देतात. संध्याकाळी पोरांचा नुसता दंगा असतो, आबांना तो फार आवडतो.

नियम तेच, पगारही तेवढाच, पण समोरच्या म्हाताऱ्याशी माणसासारखं बोलायला कुठला जीआर लागत नाही हो. तुमच्यासारखे दोन-चार लोक प्रत्येक ऑफिसात असते तर कितीतरी शेतकऱ्यांचा जीव एवढा तुटला नसता.

साहेब, एकदा घरी या, वहिनींनाही घेऊन या. आंबा उतरवायचा हक्क आता आमचा नाही, पण आईचं लोणचं आहे, आणि आबांना तुम्हाला सगळं गार्डन स्वतः फिरवून दाखवायचंय.