सुमे, परत तेच ‘हात मिळवा’

प्रिय सुमे,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तिथेच आहे, बीपीची गोळी घेते, झालं. नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, ताईकडून कळलं, तुझ्याकडून नाही, पण ते भांडण नंतर.

आत्ता लिहायला बसले कारण परवा शाळेत जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितलं तर ‘अगं मुलं आहेत, चालायचंच’, स्टाफरूममध्ये सांगितलं तर ‘मॅडम तुम्ही फार मनाला लावून घेता’. तर ऐक. हेडबाईंच्या केबिनमध्ये माझ्या सातवीतली दोन मुलं समोरासमोर उभी, एक खाली बघतोय, दुसरा अगदी नम्रपणे बाईंकडे बघतोय, आणि बाई म्हणाल्या, ‘‘चला, झालं गेलं विसरायचं, दोघांनी एकमेकांना सॉरी म्हणा आणि हात मिळवा.’’ एकमेकांना! सुमे, अंगावर काटा आला गं माझ्या. मला तिथे सरळ आपल्या शाळेतली लीडरबाई दिसायला लागली, तुला छळणाऱ्या टोळक्याची म्होरकी, दोन वेण्या, रिबिनी, कसं गोड हसून तुझा हात हातात घेतला होता आणि बाई वळल्याबरोबर नख रुतवलं होतं. सायकल स्टँडपाशी तू मला ती खूण दाखवलीस आणि वर मलाच म्हणालीस, ‘‘झालं समाधान?’’

हो, ते भांडण अजून मिटलेलं नाही माहितीय मला. आज परत भांडायचंय, पण क्रमाने.

त्या खाली बघणाऱ्या मुलाचं नाव लिहीत नाही, तुला नावं लक्षात राहतात आणि तू कुठेही बोलून जातेस. मुलगा साधा, मार्क मधले, चित्रं झकास काढतो, बोलताना थोडा अडखळतो, ‘प’ आणि ‘क’ वर शब्द अडकतो. बस, एवढं पुरलं. आधी त्याची नक्कल व्हायची, ती एका सरांनी पकडली, मग नक्कल करणाऱ्या टोळक्यानं पद्धत बदलली. आता तो वाचायला उभा राहिला आणि अडकला की मागच्या बाकांवर पेनाची टकटक होते, टक टक टक, त्याचा शब्द सुटेपर्यंत. मी वळून बघितलं की सगळ्यांच्या माना पुस्तकात. आता सांग, टकटकीला काय शिक्षा करणार? बाहेरच्या माणसाला वाटेल कुणीतरी चाळा करतंय. त्या पोराला मात्र बरोब्बर कळतं, वर्गाला कळतं, आणि आता मला कळतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. मधली सुट्टी संपून तास सुरू झाला की दहा मिनिटांत याचा हात वर, ‘मॅडम, टॉयलेटला जाऊ?’ रोज. प्रत्येक सर-मॅडम त्याच्यावर ओरडतात, सुट्टीत काय करत होतास म्हणून. सुट्टीत तो काय करत असतो तर लायब्ररीच्या दाराशी उभा राहून नोटीस बोर्ड वाचत असतो, कारण सुट्टीत मुलांच्या टॉयलेटमध्ये ते टोळकं असतं आणि तिथे आम्ही कुणीच जात नाही. त्याच्या आईशी बोलले तर ती म्हणाली, पाण्याची बाटली सकाळी भरून देते ती संध्याकाळी भरलेलीच परत येते, मला वाटायचं विसरतो. तो पाणीच पीत नाही सुमे, म्हणजे जायलाच लागू नये.

आणि मोबाईल तर आहेच. आपल्या वेळी निदान घंटा वाजली की तू सुटायचीस, घरी येऊन माझ्या गच्चीवर रडायचीस, सकाळपर्यंत सुट्टी. आता ते घरी पण बरोबर येतं. मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रूप आहे, त्यात या मुलाचा फोटो, शब्द अडकलाय आणि तोंड उघडं आहे अशा बरोबर क्षणी काढलेला, त्याचं स्टिकर केलंय. गुड मॉर्निंगला ते स्टिकर, परीक्षा आली की ते स्टिकर. कहर म्हणजे तो स्वतः पण ते टाकतो, हसून लोळणाऱ्या इमोजीसकट. हेडबाईंनी तेच उचललं, ‘‘बघा मॅडम, त्याला पण गंमतच वाटतेय.’’ मला तू आठवलीस, तुझं ते टोपणनाव (लिहीत नाही, घाबरू नकोस) तू स्वतःच वहीवर लिहून ठेवलं होतंस, दुसऱ्या कुणी लिहायच्या आत. तेव्हा मला पण वाटलं होतं की सुमीला चालतंय बहुतेक.

तर आता आपलं भांडण. तुझं म्हणणं कायम हेच की मी बाईंना जाऊन सांगायला नको होतं, तुला न विचारता. ‘चहाडखोर’ म्हणालीस आणि दिवाळीपर्यंत बोलली नाहीस, माझी भूगोलाची वही पण ठेवून घेतलीस, ती आजतागायत आलेली नाही. माझं म्हणणं तेव्हाही तेच आणि आजही तेच, सांगायलाच हवं होतं. घोळ सांगण्यात नव्हता, सांगितल्यावर बाईंनी जे केलं त्यात होता. त्यांनी ते दोघींचं भांडण म्हणून मिटवलं. सहा जणी एकीकडे, तू एकटी एकीकडे, तुझ्याशी बोलेल तिच्याशी पण कट्टी असा फतवा, यात भांडण कुठलं? भांडायला निदान दोन बाजू लागतात ना, आणि दोघींना आपापलं वजन लागतं. दोन मैत्रिणी खो-खोवरून भांडल्या तर हात मिळवायला लावा, काही बिघडत नाही, उद्या विसरतात. इथे एकीकडे सगळी ताकद आहे, ते मुद्दाम आहे आणि रोज आहे. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डॅन ओल्वेयस म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, स्वीडनचे, पुढे नॉर्वेत काम केलं, १९७०च्या दशकापासून त्यांनी फक्त शाळेतल्या दादागिरीचा हाच विषय धरून ठेवला. त्यांची खूण हीच, मुद्दाम, पुन्हापुन्हा, आणि दोघांच्या ताकदीत फरक. १९८२ च्या शेवटी नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्याची बातमी आली, त्यामागे बरोबरच्या मुलांचा छळ असावा असं दिसलं, तेव्हा कुठे तिथलं सरकार हललं आणि १९८३ मध्ये देशभर शाळांमध्ये मोहीम सुरू झाली. आत्महत्येपर्यंत वाट बघायची म्हणजे काय ते बघ.

हे मी हेडबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या परदेशातलं इथे सांगू नका. मी म्हटलं बाई, युनेस्कोनं २०१९ मध्ये जगभरचे आकडे एकत्र केले त्यात जवळजवळ दर तिसऱ्या मुलानं सांगितलंय की गेल्या महिन्याभरात एकदा तरी शाळेत दुसऱ्या मुलांकडून असा त्रास झाला, मग आपला वर्ग काय जगाबाहेर आहे? यावर त्यांनी चहा मागवला. चहा आला की विषय संपला असं समजायचं असतं, हे मला इतकी वर्षं नोकरी करून समजलेलं आहे पण मी उठले नाही. अमेरिकेच्या सरकारनं शाळांना दिलेल्या माहितीत सुद्धा साफ लिहिलंय की अशा प्रकरणात समोरासमोर बसवून मध्यस्थी करू नका, त्यातून दोघंही थोडेथोडे चुकले असा निरोप जातो. हे वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘‘पण सॉरी म्हणायला काय हरकत आहे?’’ अगं हरकत काय म्हणजे! त्या पोरानं सॉरी म्हटलं माहितीय, आणि ‘सॉरी’ न अडखळता म्हटलं. कशाबद्दल सॉरी? अडकल्याबद्दल?

दुसरा मुलगा, म्हणजे लीडर. याला बघितलंस तर तुला आवडेल, खरंच. वक्तृत्वात पहिला, वह्यांचा गठ्ठा दिसला की धावत येऊन उचलतो, ‘मॅडम मी घेतो ना.’ सगळे म्हणतात मनातून असुरक्षित असेल, घरी काहीतरी असेल. असेलही. पण ओल्वेयसनी हे पण तपासलं होतं, दादागिरी करणारी मुलं वरून कडक आणि आतून घाबरलेली असतात का, तर त्यांना तसं काही फारसं सापडलं नाही. मला हे वाचून बरं वाटलं का कोण जाणे, कदाचित लीडरबाईबद्दल कीव यायला नको म्हणून असेल. पण हा राक्षस आहे असं मला म्हणायचं नाही हं, बारा वर्षांचं पोर आहे. त्याला फक्त एक गोष्ट पक्की कळलीय, हसणारे कुठे बसलेत ते.

आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. फिनलंडच्या ख्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शाळेतल्या मुलांकडे बघून सांगितलं की यात दोनच पात्रं नसतात. एक सुरू करणारा, मग त्याला हात देणारे, मग हसून टाळ्या देणारे, मग बाजूला उभे राहणारे, आणि थोडे मध्ये पडणारे. मी रात्री वर्गाचा बैठक तक्ता घेऊन बसले आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. सुरू करणारा एक, हात देणारे दोघं-तिघं, बाकी अख्खा वर्ग प्रेक्षक. कॅनडात टोरंटोच्या शाळांमध्ये मैदानावर चित्रीकरण करून अभ्यास केला होता, २००१ चा आहे तो, दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती पण मध्ये पडली ती पाचातल्या एकाच प्रसंगात. आणि पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदात प्रकार थांबला. दहा सेकंद गं! आपल्या वर्गात चाळीसच्या वर मुली होत्या.

म्हणून मी काय करतेय, तर त्या दोघांना सोडून बाकीच्यांना एकेकटं गाठतेय. ऑफ तासाला, जिन्यात, वह्या तपासायला मदत कर म्हणून. भाषण नाही देत, फक्त विचारते, वर्गात काय चाललंय? आधी सगळे ‘काही नाही मॅडम’. एक मुलगी मात्र म्हणाली, ‘‘मॅडम मी हसले नाही तर पुढचा नंबर माझा.’’ सरळ सांगितलं तिनं, डोळ्यात डोळे घालून. तिला मी काय सांगणार, शूर हो? तिचं गणित बरोबर आहे. तिला एवढंच म्हटलं की थांबवू नकोस, टकटक झाली की नुसतं हसू नकोस, आणि सुट्टीत लायब्ररीपाशी गेलीस तर नोटीस बोर्ड तू पण वाच. असं आणखी तिघांना सांगितलंय, एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. तिकडे मी स्वतः सुट्टीत टॉयलेटच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये चकरा मारते, आमचे पीटीचे सर आत डोकावतात. पोरं मला बघून ‘मॅडमचं वॉकिंग चालू’ म्हणतात. म्हणू देत, गुडघ्याला बरंच आहे.

यानं सगळं सुटेल असं समजू नकोस. २०११ मध्ये तोफी आणि फॅरिंग्टन या दोघांनी जगभरच्या अशा कार्यक्रमांचा एकत्र हिशोब मांडला, त्रास सरासरी एक पंचमांशाने कमी होतो. म्हणजे पाचातले चार हिस्से उरतातच. आणि मुलांचं प्रकरण मुलांवरच सोपवलं, मध्यस्थीबिध्यस्थी, तर उलट त्रास वाढलेला दिसला. हे पण मी हेडबाईंना पाठवलंय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

तू कशी आहेस? भावोजींचं ऑपरेशन व्यवस्थित झालं ना, सासूबाई अजून तुझ्याकडेच का? चिरंजीवांच्या बारावीचं टेन्शन घेऊ नकोस, त्याच्या वयात तुला किती मार्क होते ते मी त्याला सांगेन, सुधारेल. नव्या घरात गॅलरी आहे म्हणे, मी मे महिन्यात येऊन बसणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तर काम असं आहे. सोमवारी दोन्ही मुलांच्या पालकांना बोलावलंय. हेडबाईंना परत चौघं पालक एका टेबलावर हवेत, मी वेगवेगळं भेटायचं म्हणून अडून बसलेय, बहुतेक मिळेल तसं. त्या मुलाच्या आईला मी काय विचारू ते ठरलंय, पण त्या मुलाला काय विचारू ते कळत नाही, कारण मी कधी त्या जागी नव्हते, तू होतीस. तेव्हा खरं सांग, त्या दिवशी बाईंनी तुला एकटीला बोलावलं असतं तर तू काय मागितलं असतंस? बेंच बदलून? वर्ग बदलून? की तेव्हाही ‘काही नाही बाई’ म्हणून निघून आली असतीस? आणि मी तुला आधी विचारलं असतं, तर तू सांगू दिलं असतंस का गं? मला नाही वाटत. पण लिही. फोन करू नकोस, फोनवर तू या विषयावर आलं की कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवतेस. रविवार रात्रीपर्यंत लिहून पाठव, चार ओळी चालतील, शुद्धलेखन तपासणार नाही.

तुझीच,
चहाडखोर

ता.क. भूगोलाची वही शिफ्टिंगमध्ये सापडली असेल तर पाठवून दे, नकाशे चांगले काढले होते मी.