पुढच्या जानेवारीत तुम्ही दोघे मालदीवला या

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही मालदीवच्या बा अटोलमधील (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचे कडे) बेटावर सुखरूप पोहोचलो. पुढच्या जानेवारीत तुम्ही दोघांनी मालदीवला यावे, अशी माझी फार इच्छा आहे. येथील सुमारे १,२०० बेटांपैकी जेमतेम २०० बेटांवर लोकवस्ती आहे. रिसॉर्टसाठी सहसा वस्ती नसलेले बेट भाडेपट्ट्याने दिले जाते, त्यामुळे आमच्या बेटावर ना गाव आहे, ना बाजार.

बाबा, तुम्हाला हवी असलेली शांतता येथे आहे. सकाळी ओहोटी लागली की प्रवाळकड्याच्या आतले पाणी पोटरीपर्यंत उतरते आणि पोहण्याच्या परांच्या टोकाला काळा डाग असलेली, हातभर लांबीची शार्कची पिल्ले किनाऱ्यालगत फिरू लागतात. आपण पाऊल पुढे टाकले की तीच घाबरून पळतात. मात्र तुमच्या गुडघ्यांचा विचार करता हे बेट तुमच्यासाठी सोयीचे नाही, कारण येथे सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने यावे लागते, त्याच्या पायऱ्या अरुंद असतात आणि ते फक्त दिवसाउजेडीच उडते. राजधानी मालेच्या विमानतळावरून स्पीडबोटीने गाठता येईल असेच बेट मी तुमच्यासाठी निवडीन, म्हणजे गरज पडल्यास मालेतील रुग्णालयही जवळ राहील. खर्चाची चिंता करू नका. पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातून काढायचे आणि तांदळापासून कोथिंबिरीपर्यंत बहुतेक सारे बाहेरून आणायचे, म्हणून येथे सगळेच महाग आहे. पण तो भार मी आनंदाने उचलीन.

आई, जेवणाची काळजी नको. येथे सकाळी मास हुनी मिळते : शिजवलेला ट्यूना, खवलेले ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कालवून गरम रोशीबरोबर, म्हणजे इथल्या पोळीबरोबर वाढतात. पहिल्या घासाला मला तुझ्या सुक्या सुंगटांच्या किसमुरीची आठवण झाली. बाबांसाठी वरणभात आणि भाजी सांगितली की करून देतात. एक गोष्ट मात्र तुला जड जाईल. पूजेच्या मूर्ती या देशात आणण्यास मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते, म्हणून तेवढे दिवस बाळकृष्णाची पूजा काकूंकडे सोपवावी लागेल.

जानेवारी ते मार्च पाऊस कमी असतो. भारतीयांना येथे उतरल्यावर विनामूल्य व्हिसा मिळतो. पासपोर्टची मुदत तेवढी पाहून ठेवा आणि कोणते दिवस सोयीचे आहेत ते कळवा, म्हणजे मी लगेच खोली राखून ठेवीन.

तुमची लाडकी लेक